जळक्या साखरेचा प्लूटो

हेस्टर स्लिंगर्सने पातेल्यातील साखर आणखी थोडी जळू दिली. सोनेरी रंग मागे पडला, मग बदामी, मग मधासारखा. प्रत्येक टप्प्यावर तिने लाकडी चमच्याचे टोक पांढऱ्या बशीवर टेकवले आणि बशी दक्षिणेच्या खिडकीशी नेली, कारण विषुववृत्ताखालच्या या गावात त्या बाजूने थेट ऊन येत नाही. खिडकीच्या काचेवर एक लहानसे छायाचित्र चिकटवले होते. बशीवरचा ठिपका आणि छायाचित्रातला काळपट पट्टा यांच्यात फरक दिसेनासा झाला, तेव्हाच तिने पातेले खाली उतरवले.

"सिस्सी, काय जाळतेस? रस्त्यापर्यंत वास येतोय!"

ड्रीका दार न ठोठावताच आत आली. धाकटी बहीण म्हणून हा अधिकार तिने जन्मापासून वापरला होता. तिच्या डोक्यावर बांधलेल्या रुमालावर अजून पीठ होते.

"जाळत नाही. रंग काढतेय."

"रंग बाटलीत मिळतो, बाई. झाकण उघडायचं नि ओतायचं." ड्रीकाने पातेल्यात डोकावून पाहिले. "हा प्लूटो? अगं, हा तर पावसात भिजलेला मेंढ्यांचा गोठा दिसतोय."

"हा त्याचा खरा रंग आहे."

"असेल. पण खरा रंग खातं कोण?"

टेबलावर अर्धगोलाकार केक निवत होता. मध्यावर साईच्या रंगाचा बदामासारखा मोठा डाग, त्याभोवती मातकट बदामी, आणि विषुववृत्ताशी तो काळपट तपकिरी पट्टा यायचा होता. चर्चच्या वार्षिक बाजारात यंदा केकच्या टेबलाला 'आकाशातले गोल' हा विषय दिला होता. परीक्षक टेकडीवरच्या वेधशाळेतून येणार होता. कुणी कोणता गोल करायचा यासाठी चर्चचे डीकन ऊम अपोलस, म्हणजे साऱ्या गावाचे अपोलस काका, यांनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. त्यांनी सूर्य आणि शाळेत पाठ केलेले नऊ ग्रह आधी लिहिले, मग वेधशाळेने दिलेले बटुग्रह लिहिले, आणि अशा रीतीने प्लूटो टोपीत दोनदा गेला. एक चिठ्ठी हेस्टरला आली, दुसरी ड्रीकाला. ऊम अपोलस म्हणाले, ही देवाची इच्छा. हेस्टर म्हणाली, ही यादी न जुळवून पाहिल्याची चूक. पण चिठ्ठी तिने परत केली नाही.

वेधशाळेत प्लूटोची दोन चित्रे होती. एक दारासमोर, पुरुषभर उंचीचे: त्यात प्लूटो कुठे निळा होता, कुठे पिवळा, आणि अंगावर भाजल्यासारखा लालभडक. दुसरे दारामागे, वहीच्या पानाएवढे: त्यात तो डोळ्यांना दिसला असता तसा. ड्रीकाने दारासमोरचा प्लूटो निवडला. हेस्टरने दारामागचे चित्र मागून घेतले.

"तुझं चित्र खोटं नाही," हेस्टर पातेले खरवडत म्हणाली. निवृत्त होईपर्यंत तिने गावच्या शाळेत विज्ञान शिकवले होते आणि खोटे व चुकीचे यांतला भेद ती स्वयंपाकघरातही सोडत नसे. "पण त्यातले रंग ताणलेले आहेत. फरक नीट दिसावा म्हणून. ऊम अपोलस मागच्या बाकावरच्या बहिऱ्यांसाठी प्रार्थना ओरडून म्हणतात, म्हणून काही देव बहिरा ठरत नाही."

"ओरडल्याशिवाय मागच्या बाकाला कळतही नाही," ड्रीका म्हणाली.

"आणि तो बाटलीतला लाल. त्याला दम नसतो. उजेड कमी झाला की सगळ्यांत आधी तोच काळा पडतो. उन्हाळ्यात तुझ्या ओट्यावरची जिरॅनियमची फुलं बघ दिवस मावळताना. शंभरदा सांगितलंय."

"शंभरदा सांगितलंस, शंभरदा मी मान हलवली." ड्रीका हसली. मग तिला काहीतरी आठवले. "पण बाजारात दिवे जाणार नाहीत ना गं? माझा लाल दिसायला हवा."

"नाही जाणार. आजची भारनियमनाची पाळी सकाळीच होऊन गेली. आता उद्या."

वेळापत्रक हेस्टरला तोंडपाठ होते. केक भट्टीत घालायची वेळ तिने त्यावरूनच ठरवली होती.

ड्रीका निघण्यासाठी वळली आणि खिडकीखालच्या फळीपाशी थांबली. त्या फळीवर वर्षानुवर्षे पिठाचे आणि साखरेचे डबे असत. आज तिथे काहीच नव्हते. फळी पुसलेली होती आणि तिच्यावर धुतलेला, इस्त्री केलेला एक कापडी तुकडा अंथरला होता.

"इथले डबे कुठे गेले?"

"घासायला काढलेत."

डबे कपाटावर रचून ठेवले होते, घासून लख्ख केलेले. ड्रीकाने तिकडे पाहिले, मग पुन्हा फळीकडे.

"मी वाडगं घेऊन येते हॉलवर," ती म्हणाली, आणि दार नेहमीपेक्षा हळू लावून गेली.

वाडगे त्यांच्या आईचे होते, म्हणजे गावाच्या सिएना आंटीचे: मोठे, जाड, बाहेरून मातीच्या रंगाचे आणि आतून पांढरे, काठाला एक टवका उडालेले. आई केकचे पीठ त्यात फेटत असे. फेटून झाले की चमचा थोरलीला मिळे आणि वाडगे धाकटीला. थोरलीने चमचा चाटायचा, धाकटीने वाडगे पुसून खायचे, असा न्याय होता. तो अन्याय आहे हे हेस्टरने लहानपणीच मोजून सिद्ध केले होते, पण अपील चालले नाही. पुढे दोघींची लग्ने झाली आणि दोघी बाजारात केक मांडू लागल्या, तेव्हा आईने नवा न्याय काढला. ज्या लेकीची थाळी आधी रिकामी होईल, तिच्या घरी वाडगे, पुढच्या बाजारापर्यंत. आई गेल्यापासून ते एकदाही हेस्टरच्या घरी आले नव्हते. तिचे केक अचूक असत. लोक ते आदराने आणि शेवटी घेत.

दुपारी वेधशाळेच्या मंडळींनी चर्चच्या हॉलच्या भिंतीवर आकाशाची चित्रे दाखवली होती. त्यासाठी खिडक्यांना काळे पुठ्ठे ठोकले होते आणि बाहेर बर्फावरून येणारा वारा असा बोचरा होता की नंतर ते कुणी काढले नाहीत. म्हणून संध्याकाळ अजून व्हायची होती तरी आत सगळे दिवे लावलेले होते. मधल्या टेबलावर वाडगे, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन प्लूटो.

परीक्षक लुखान्यो क्वेता तरुण होता, पूर्व केप प्रांतातला, आणि इथल्या थंडीला तीन स्वेटरांनी उत्तर देणारा. हातात बक्षिसाची निळी फीत घेऊन तो टेबलाभोवती फिरला. शनीचे कडे घसरून बशीत पडले होते. गुरूच्या अंगावरचा डाग बिटाच्या मुरंब्याचा होता. सूर्य एका बाजूने करपला होता, पण सूर्याने करपू नये असा नियम कुठे आहे, असे तो करणारीचे म्हणणे पडले. मग लुखान्यो दोन प्लूटोंसमोर आला आणि ड्रीकाचा केक पाहून कपाळाला हात लावून हसला.

"अहो आंटी, हे तर माझंच चित्र! ते रंग मीच ताणलेत."

"मग बक्षीस तुलाच द्यायचं का रे, डॉक्टर?" ड्रीकाने विचारले, आणि सारा हॉल हसला.

हेस्टरच्या केकसमोर मात्र तो हसला नाही. वाकला, डोके एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलते करून पाहिले.

"मिस, हा पट्ट्याचा रंग कसा आणलात?"

"साखर जाळून."

"म्हणजे तिथे जे चाललंय तेच केलंत की!" तो आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "मिथेन, नायट्रोजन, असे साधे गोठलेले पदार्थ. ते तिथे कोट्यवधी वर्षं तापताहेत आणि तपकिरी होताहेत."

"तापताहेत कसे?" हेस्टर म्हणाली. "तिथे तापण्यासारखं आहे काय? अदृश्य किरणांच्या माऱ्यानं त्यांचे रेणू मोडतात आणि नव्यानं जुळतात. साखरेचं रसायन वेगळं. शेवटचा रंग तेवढा सारखा."

"बरोबर, मिस," लुखान्यो म्हणाला, आणि फीत तिच्या केकपुढे ठेवली.

ऊम अपोलस यांनी टाळी वाजवली. "रंगाचं बक्षीस मिस हेस्टरला! आणि वाडग्याचा निकाल, सिएना आंटीच्या कायद्यानुसार, तुमच्या पोटावर. चला, सुऱ्या घ्या!"

पुढचे सारे ज्याला त्याला दिसत होते. ड्रीकाच्या टोकाला रांग लागली. लाल तुकडे, निळे तुकडे बशांतून हॉलभर पसरले. पोरांच्या जिभा आधी लाल झाल्या, मग जांभळ्या. हेस्टरच्या टोकाशी लोक येत, फितीचे अभिनंदन करीत, आणि शनीकडे वळत. एका बाईने बशी पुढे केली होती, पण तेवढ्यात तिच्या लेकीने तिची बाही ओढली. हेस्टरने सुरीची मूठ लोकांच्या बाजूला केली. थोड्या वेळाने बशा पुन्हा एका रेषेत लावल्या.

"मिस, राग मानू नका," ऊम अपोलस तोंड पुसत म्हणाले, "पण तुमचा प्लूटो बघितला की मला माझं शेत आठवतं. दुष्काळातलं. माणूस बाजाराला येतो तो दोन घटका ते विसरायलाच ना?"

"हुबेहूब आहे असंच म्हणताय तुम्ही," हेस्टर म्हणाली.

"तेच म्हणतोय. तेच तर वाईट झालंय."

ती हसली, कारण विनोद नेमका होता. मग तिची नजर वाडग्याकडे गेली आणि तिने ती लगेच काढून घेतली. ते पाहायला नको होते कुणी. पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ड्रीका सुरी हातात धरून उभी होती आणि हेस्टरकडेच पाहत होती. ड्रीकाच्या थाळीत थोडेच तुकडे उरले होते. रांग अजून होती.

"थांबा जरा," ड्रीका रांगेला म्हणाली. तिने सुरी खाली ठेवली. "चहाचं पाणी ठेवून येते. कुणी हात लावू नका, आल्यावर मीच देणार."

ती गुडघ्यावर हात दाबत स्वयंपाकघरात गेली.

आणि दिवे गेले.

"भारनियमन!" सगळे एका सुरात ओरडले, आणि मग एकदम हशा उसळला, कारण ही आरोळी गावाला प्रार्थनेइतकी सवयीची होती. कुणाची तरी बशी पडली. कुणी म्हणाले मेणबत्त्या, कुणी म्हणाले काड्यापेटी.

हेस्टर हसली नाही. आजची पाळी होऊन गेली आहे, एवढेच तिच्या मनात आले. वेळापत्रक बदलले असेल तर आधी कळवतात.

पुठ्ठ्यांच्या फटींतून आणि दाराखालून बाहेरचा मावळता उजेड जेमतेम आत येत होता. डोळ्यांना सरावायला वेळ लागतो; ती तेवढी थांबली. हळूहळू टेबलाची कड दिसू लागली, मग माणसांचे आकार. टेबलाच्या त्या टोकाला, जिथे हॉलमधला सर्वांत भडक केक होता, तिथे आता नुसता काळोख होता. गुरूचा डाग गेला होता. या टोकाला मात्र साईच्या रंगाचा एक मोठा बदाम जणू हवेत तरंगत होता, आणि त्याभोवती फिकट, शांत असा बाकीचा गोल.

"मेणबत्त्या लावू नका!" लुखान्योचा आवाज आनंदाने चढला होता. "अहो, बघा, बघा तिकडे! हाच प्लूटो! तिथे भर दुपारी उभे राहिलात तर असाच उजेड असेल!"

असा नसतो. प्लूटोवर भर दुपारी वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड असतो. इथे स्वतःचा हात नीट दिसत नव्हता. हेस्टरने दुरुस्तीसाठी तोंड उघडले. समोर अंधारात सगळे गाव तिच्या केककडे तोंड करून गप्प उभे होते. तिने तोंड मिटले.

"मला द्या त्यातला एक," कुणी तरी म्हणाले. "दिसतोय तो तेवढाच."

तिने अंदाजाने सुरी चालवली. एक बशी गेली, दुसरी गेली. मग अंधारातून ऊम अपोलस यांचा आवाज आला, तोंड भरलेले असताना येतो तसा.

"अरे! ही तर सिएना आंटीच्या पुडिंगची साखर! तळाशी लागायची ती! आम्ही भांडायचो तिच्यासाठी!"

"कुठला म्हणालात, ऊम?"

"पांढरा दिसतोय तो! पण त्याच्या कडेचं काळं घ्या. काळ्यात सगळी मजा आहे!"

आता हात इतके आले की तिला बशा मोजता येईनात. कोपर लागत होते, माफी मागितली जात होती, कुणी दुसऱ्यांदा आले होते आणि आवाज बदलून मागत होते. "तुम्ही मघाशी घेतलात, ऊम," ती म्हणाली. "अंधारात पुरावा काय, मिस?" उत्तर आले. तिला हसू आवरेना. सुरी थरथरू लागली आणि तुकडे वाकडेतिकडे पडू लागले, आणि ते तसेच गेले.

एवढ्यात बाहेरून कुणी उशिरा आलेले दार उघडून आत शिरले. वारा आला, आणि दाराच्या चौकटीत क्षणभर रस्त्यापलीकडचे दुकान दिसले. दुकानात दिवे लख्ख होते. थंड पेयांचे कपाट निळसर उजळले होते. पलीकडे पाळकाच्या घराची खिडकीही पिवळी होती.

हेस्टरने ते पाहिले. आयुष्यभर तिने एकही उत्तर पडताळल्याशिवाय मान्य केले नव्हते. कॉपीचा एक शब्दही तिच्या लाल पेनातून सुटला नव्हता. दार पुन्हा लागले. तिने सुरी नीट धरली आणि पुढची बशी घेतली.

दिवे आले तेव्हा तिच्या थाळीत चुरा होता आणि निळी फीत. ड्रीकाच्या थाळीत तुकडे तसेच होते, पुन्हा लालभडक. कुणी तरी गर्दीतून हात घालून त्यातले दोन-तीन उचलले, पण आता उशीर झाला होता. ऊम अपोलस यांनी दोन्ही थाळ्यांवर वाकून न्यायाधीशासारखी पाहणी केली, हेस्टरच्या थाळीतला चुरा बोटाने टिपून खाल्ला, आणि वाडगे दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे धरले.

"उजेडाचं काय खरं नाही," ते म्हणाले, "पण पोट खोटं बोलत नाही."

टाळ्या पडल्या. स्वयंपाकघराच्या दारातून ड्रीका बाहेर आली, रिकाम्या हातांनी.

"पाणी कसलं तापतंय वीज गेल्यावर!" ती सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "आणि हे काय? माझे तुकडे राहिले? मेलं ते भारनियमन! सगळी मेहनत माझी मातीत! बघून घ्या लोकहो, पुढच्या वर्षी बघून घ्या!"

ती इतकी हळहळत होती की लुखान्योने तिला धीर द्यायला खुर्ची आणून दिली. ती बसताना गुडघा धरून कण्हली. तिच्या रुमालावर, मागच्या बाजूला, धुळीने राखाडी झालेले कोळ्याचे जाळे चिकटले होते.

ते स्वयंपाकघर कालच साऱ्या बायकांनी मिळून झाडून काढले होते, हेस्टरही होती. राहिला होता तो फक्त दारावरचा मेन स्विचचा डबा. कारण तिथे हात पोचवायला खुर्चीवर चढावे लागते, आणि गुडघे धरलेत म्हणून चढायला ड्रीकानेच नकार दिला होता.

दोघी घरी निघाल्या. बर्फ बुटांखाली कुरकुरत होते. हेस्टरने वाडगे पोटाशी धरले होते, आणि ड्रीकाने कागदात गुंडाळलेला लाल तुकडा. त्याचा अर्धा भाग वाटेतच दोघींनी संपवला. ड्रीका थोडी लंगडत होती. हेस्टर तिच्या चालीने चालत होती.

ड्रीकाच्या घराशी त्या थांबल्या. ओट्यावरची जिरॅनियमे हिमापासून वाचावीत म्हणून पोत्यांखाली झाकलेली होती. पश्चिमेला अजून थोडा उजेड शिल्लक होता.

"ड्रीका," हेस्टर म्हणाली. "दिवस मावळताना ओट्यावरचं कुठलं फूल आधी काळं पडतं?"

"अगं, परीक्षा कसली घेतेस? या थंडीत?"

"विचारतेय."

ड्रीकाने पोत्यांकडे पाहिले. "लाल," ती म्हणाली. "लाल आधी जातं. पानं टिकतात जरा. पांढरं सगळ्यांत शेवटपर्यंत दिसतं."

हेस्टरने मान हलवली. मग वाडगे एका कुशीत घेऊन मोकळ्या हाताने तिने बहिणीच्या रुमालावरचे जाळे अलगद काढले आणि वाऱ्यावर सोडून दिले.